खाते बदलल्याचे पैसे कोण देते?

२०१९ च्या फेब्रुवारीत ब्रिटनमध्ये एक योजना सुरू झाली. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने आपलेच ग्राहक दुसऱ्या बँकांकडे पाठवायचे आणि त्यासाठी पैसेही स्वतःच मोजायचे, अशी ती योजना होती. २००८-०९ च्या आर्थिक संकटात ब्रिटिश सरकारने करदात्यांचे साडेपंचेचाळीस अब्ज पौंड ओतून ही बँक वाचवली होती. सरकारी पैशावर तगलेल्या बँकेने लहान स्पर्धकांच्या तोंडचा घास काढून घेऊ नये, म्हणून युरोपीय आयोगाने तिच्यावर अट घातली. आधी सुमारे तीनशे शाखा वेगळ्या काढून विकायच्या होत्या. वर्षानुवर्षे खटपट करूनही ते जमले नाही, तेव्हा हा दुसरा मार्ग निघाला. छोट्या व्यावसायिकांची सुमारे १ लाख २० हजार खाती दुसऱ्या बँकांकडे जावीत म्हणून ३५ कोटी पौंड बाजूला काढण्यात आले. त्यातले साडेसात कोटी ग्राहकांच्या बदलीखर्चासाठी होते आणि साडेसत्तावीस कोटी त्यांना घेणाऱ्या बँकांसाठी. या दुसऱ्या रकमेला योजनेच्या कागदपत्रांत शब्द होता ‘डाउरी’. म्हणजे हुंडा. ग्राहकाबरोबर नव्या बँकेच्या घरी जाणारा.

मराठी वाचकाला हा शब्द खटकेल, आणि खटकावाच. पण त्यामुळे एक गोष्ट लख्ख दिसते. बँकेच्या लेखी खातेदाराला किंमत असते आणि ती आकड्यांत मांडता येते.

हे उदाहरण टोकाचे असले, तरी खातेदार आपल्याकडे यावा म्हणून रोख पैसे देणे ही ब्रिटनमध्ये नेहमीची गोष्ट आहे. नॅटवेस्ट, लॉइड्स, सँटँडर, फर्स्ट डायरेक्ट, नेशनवाइड, टीएसबी यांपैकी कोणी ना कोणी दर काही महिन्यांनी जाहीर करते की आमच्याकडे खाते हलवा आणि १५० किंवा १७५ पौंड घ्या. कधी हा आकडा २०० पर्यंत जातो. दोनशे पौंड म्हणजे वीस हजारांहून अधिक रुपये, आणि अर्ज भरायला लागतात जेमतेम पंधरा-वीस मिनिटे. साहजिकच नेमाने बँका बदलणाऱ्यांचा एक वर्ग तिथे तयार झाला आहे. कोणत्या बँकेकडून कधी पैसे घेतले, कोणाकडे पुन्हा केव्हा जाता येईल, याची नोंद ही मंडळी दूधवाल्याच्या हिशेबासारखी तारीखवार ठेवतात.

आपल्याकडच्या माणसाच्या मनात इथे पहिला प्रश्न येईल तो व्यवहाराचा. पगार एका खात्यात येतो, त्यातून गृहकर्जाचा हप्ता जातो, एसआयपी जाते, विम्याचा हप्ता जातो, वीजबिल जाते. हे सगळे उचलून दुसरीकडे न्यायचे म्हणजे महिनाभराची डोकेदुखी. ब्रिटनमध्येही २०१३ पर्यंत अशीच स्थिती होती. खाते हलवायला तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागत, आणि मध्येच एखादा हप्ता चुकून दंड बसे. सर जॉन विकर्स यांच्या अध्यक्षतेखालील बँकिंग आयोगाने २०११ च्या अहवालात यावर बोट ठेवले. ग्राहकाला सहज निघून जाता येत नसेल, तर बँकांमधली स्पर्धा कागदावरच राहते, असा त्यामागचा विचार होता. त्यातून १६ सप्टेंबर २०१३ रोजी ‘करंट अकाउंट स्विच सर्व्हिस’ सुरू झाली.

या सेवेची रचना मुळातून समजून घेण्यासारखी आहे. ग्राहकाने जुन्या बँकेकडे जायचेच नाही. नव्या बँकेत अर्ज करायचा, जुना खातेक्रमांक द्यायचा आणि बदलीची तारीख निवडायची. पुढचे सात कामाचे दिवस दोन्ही बँकांची यंत्रणा आपसात बोलत राहते. जुन्या खात्यावरची डायरेक्ट डेबिट म्हणजे परस्पर कापून जाणारी देणी आणि दरमहा ठरावीक रक्कम पाठवण्याच्या सूचना, असे सगळे नव्या खात्यावर लावले जाते. सातव्या दिवशी शिल्लक इकडून तिकडे जाते आणि जुने खाते बंद होते. त्यानंतरही कोणी जुन्या क्रमांकावर पैसे पाठवले, तर ते मध्यवर्ती यंत्रणेतून आपोआप नव्या खात्यात वळतात आणि पाठवणाऱ्याला नवा क्रमांक कळवला जातो. ही वळवणी किमान तीन वर्षे चालू राहते. बदलीत चूक होऊन ग्राहकाला दंड किंवा व्याज बसले, तर ते बँकेने भरून द्यायचे, अशी हमीही आहे. ब्रिटनमधली जवळजवळ सगळी चालू खाती या सेवेच्या कक्षेत येतात आणि सुरुवातीपासून एक कोटीहून अधिक खाती तिच्यातून हलली आहेत.

एक खुलासा इथेच केलेला बरा. आपल्याकडे चालू खाते म्हणजे व्यापाऱ्याचे खाते. ब्रिटनमध्ये चालू खाते हे प्रत्येकाचे रोजच्या वापराचे खाते असते. पगार त्यातच जमा होतो, भाडे त्यातूनच जाते. बचतीचे खाते वेगळे. बँकांची सगळी चढाओढ आहे ती या रोजच्या खात्यासाठी.

बँका इतके पैसे का मोजतात? त्यासाठी १९८४ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी मिडलँड बँकेने जाहीर केले की खात्यात शिल्लक असेल, तर खाते चालवण्याचे शुल्क घेणार नाही. बाकीच्या बँकांना तिच्यामागे जावे लागले आणि ‘फुकट बँकिंग’ रूढ झाले. पण फुकट म्हणजे काय, तर शिल्लक रकमेवर बहुतेक खात्यांत व्याज शून्य. ग्राहकाला शुल्क नाही आणि बँकेला बिनव्याजी पैसा. समजा एखाद्या खात्यात वर्षभर सरासरी तीन हजार पौंड पडून आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये बँक ऑफ इंग्लंडचा दर सव्वापाच टक्के होता. व्यापारी बँकेने ते पैसे कोणालाही कर्जाऊ न देता नुसते मध्यवर्ती बँकेत ठेवले, तरी तिला वर्षाला १५७ पौंड मिळत होते. ग्राहक चार-पाच वर्षे टिकला, तर सुरुवातीचे दोनशे पौंड केव्हाच वसूल होतात. शिवाय पगार जिथे येतो, तिथेच माणूस क्रेडिट कार्ड घेतो, ओव्हरड्राफ्ट घेतो, घरासाठी कर्ज मागतो.

म्हणूनच या बक्षिसांचा आकडा व्याजदराबरोबर वरखाली होतो. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या धक्क्याने हा दर ०.१ टक्क्यावर आला, तेव्हा पडून असलेल्या पैशातून बँकेला काही मिळेनासे झाले. त्या वर्षात खातेबदलाच्या योजना एकामागून एक बंद पडल्या. डिसेंबर २०२१ पासून दर चढू लागला, तशा त्या परतल्या, आणि दर शिखरावर असताना दोनशे पौंडांची बोली लागली.

पण बेरजेचा दुसरा भाग याहून महत्त्वाचा आहे. ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१६ मध्ये बँकिंग व्यवसायाचा मोठा तपास पुरा केला. एका वर्षात बँक बदलणारे वैयक्तिक ग्राहक त्याला फक्त ३ टक्के आढळले. निम्म्याहून अधिक ग्राहक दहा वर्षांपेक्षा जास्त काळ एकाच बँकेत होते, तर ३७ टक्के ग्राहक वीस वर्षांपेक्षा जास्त काळ. यातल्या अनेकांनी दुसरीकडे पाहिलेच नव्हते. सात दिवसांत खाते हलवून देणारी सेवा सुरू झाल्यानंतरची ही स्थिती आहे. तेव्हा दर सहा महिन्यांनी बँक बदलणाऱ्याच्या हातात पडणारे दोनशे पौंड येतात कुठून, याचे उत्तर या आकड्यांत आहे. वीस वर्षे एका जागी बसलेल्या शेजाऱ्याच्या बिनव्याजी शिलकीतून ते येतात. हा शेजारी बहुधा वयस्कर असतो, त्याला मोबाइलवर अर्ज भरायचा आत्मविश्वास नसतो. खातेबदलाचा सगळा खेळ कायदेशीर आहे, पण त्याचा खर्च कोण उचलते हे ठाऊक असलेले बरे.

आता हा खेळ प्रत्यक्षात कसा खेळतात ते पाहू. समजा, पुण्याहून नोकरीसाठी लंडनला गेलेली एक अभियंता आहे. दोन-तीन वर्षांत ती तिथे स्थिरावली आहे. तिचे मुख्य खाते, ज्यात पगार येतो, ते ती हलवत नाही. त्याऐवजी ती त्याच बँकेत किंवा दुसऱ्या एखाद्या बँकेत आणखी एक चालू खाते उघडते. या दुसऱ्या खात्याला तिथले जाणकार ‘बर्नर’ किंवा ‘डोनर’ खाते म्हणतात. बळी द्यायचे खाते, असे मराठीत म्हणता येईल, कारण बदलीत ते बंद होणारच असते. बँकांची अट असते की हलवलेल्या खात्यावर किमान दोन डायरेक्ट डेबिट चालू हवीत. मग एखाद्या धर्मादाय संस्थेला महिना एक-दोन पौंड, बचतीच्या एखाद्या ॲपला महिना एक पौंड, अशी दोन देणी ती त्या खात्यावर लावते. पुढे ते खाते नव्या बँकेकडे हलवते. नव्या खात्यात साठ दिवसांच्या आत हजार-दीड हजार पौंड जमा झाले पाहिजेत, ही दुसरी नेहमीची अट. ते पैसे पगाराचेच असावेत असे अनेक बँका म्हणत नाहीत. त्यामुळे ती मुख्य खात्यातून दीड हजार पाठवते आणि दोन दिवसांनी परत घेते. कधी कार्डाने काही खरेदी करायची, कधी ॲपवर एकदा लॉगिन करायचे, अशा आणखी एक-दोन अटी असतात. त्या पुऱ्या झाल्या की काही दिवसांत किंवा आठवड्यांत बक्षीस जमा होते. वर्षात अशा तीन बदल्या साधल्या, एकदा १५०, एकदा १७५ आणि एकदा २०० मिळाले, तर बेरीज ५२५ पौंड. लंडनमधल्या भाड्यापुढे हे किरकोळ वाटेल, पण मुंबईला जाण्या-येण्याच्या विमान तिकिटाची सोय यात बहुतेक वेळा होऊन जाते.

रोख बक्षिसाबरोबर येणारी दुसरी गोष्ट नवखे लोक विसरतात. काही बँका फक्त आपल्या चालू खातेदारांना चढ्या दराचे आवर्ती बचत खाते देतात. फर्स्ट डायरेक्टने महिना ३०० पौंडांपर्यंत, वर्षभरासाठी, ७ टक्के दर दिला होता. वर्षाला ३,६०० पौंड भरले म्हणजे ७ टक्क्यांनी २५२ पौंड व्याज, असे पटकन वाटते. प्रत्यक्षात पहिला हप्ता बारा महिने राहतो आणि शेवटचा एकच महिना, म्हणून व्याज होते १३६ पौंड पन्नास पेन्स. पोस्टातल्या आवर्ती ठेवीचे गणित ज्याने घरात ऐकले आहे, त्याला हे लगेच कळेल.

अडचणीही आहेत. बहुतेक बँका एकदा बक्षीस घेतलेल्याला बरीच वर्षे पुन्हा देत नाहीत आणि हा नियम समूहाला लागू करतात. लॉइड्स, हॅलिफॅक्स आणि बँक ऑफ स्कॉटलंड ही नावे तीन असली, तरी समूह एकच, हे माहीत नसले की अर्ज फुकट जातो. अर्जागणिक बँक पतअहवाल तपासते आणि ओव्हरड्राफ्ट मागितला असेल, तर त्या तपासणीची ठळक खूण अहवालात उमटते. थोड्या महिन्यांत अशा चार-पाच खुणा दिसल्या, तर गृहकर्ज देणारा विचारात पडतो. घर घ्यायचे ठरले असेल, तर त्याआधीचे सहा महिने तरी हा उद्योग बंद ठेवावा, असा सल्ला तिथे सर्रास दिला जातो आणि तो योग्यच आहे. आणखी एक चूक फार महागात पडते. घाईत बळीच्या खात्याऐवजी पगाराचे मुख्य खाते हलवले जाते. मग जुन्या खात्याची विवरणे ॲपवरून नाहीशी होतात आणि व्हिसाच्या किंवा कराच्या कामासाठी ती मागवत बसावे लागते. परदेशस्थ भारतीयांना ही विवरणे वारंवार लागतात. बदलीआधी ती उतरवून ठेवणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

अमेरिकेत या प्रथेचा इतिहास जास्त जुना आणि जास्त रंगतदार आहे. महामंदीत हजारो बँका बुडाल्या. एकमेकींवर मात करण्यासाठी बँका चढे व्याज देतात आणि त्यापायी धोका पत्करतात, असे तेव्हाच्या कायदेमंडळाला वाटले. १९३३ च्या बँकिंग कायद्याने चेकच्या खात्यावर व्याज द्यायला बंदी केली आणि बचतीच्या व्याजावर कमाल मर्यादा घातली. ‘रेग्युलेशन क्यू’ या नावाने हे बंधन ओळखले जाई. व्याज वाढवता येत नाही आणि ठेवी तर हव्यात, तेव्हा बँकांनी वस्तू द्यायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत खाते उघडणाऱ्याला टोस्टर, ब्लँकेट, कपबशांचे संच मिळत. बँकेच्या दालनात भांड्यांच्या दुकानासारखी मांडणी असे. ‘बँकेचा टोस्टर’ हा तिथल्या एका पिढीच्या आठवणींचा भाग आहे. १९८० च्या कायद्याने बचतीवरची मर्यादा टप्प्याटप्प्याने उठवायचे ठरले आणि १९८६ पर्यंत ती गेली. चेकच्या खात्यावर व्याज देण्याची बंदी मात्र २०११ पर्यंत टिकली.

वस्तू देण्याची ही परंपरा कुठवर गेली, हे मायकेल मूर यांच्या २००२ च्या ‘बोलिंग फॉर कोलंबाइन’ या माहितीपटाच्या सुरुवातीलाच दिसते. मिशिगनमधल्या एका बँकेत मुदत ठेव ठेवली की बंदूक मिळत होती. शाळेतल्या गोळीबारावरचा चित्रपट बँकेच्या काउंटरवर सुरू होतो, आणि ते दृश्य पाहून आजही अंगावर काटा येतो.

आता तिथे रोखच देतात. चेससारख्या मोठ्या बँका नव्या खात्यासाठी २०० ते ३०० डॉलर देत आल्या आहेत. अट बहुधा पगार थेट जमा होण्याची असते. पण ब्रिटनसारखी सात दिवसांची बदली अमेरिकेत नाही. म्हणून तिथे शब्दही वेगळा आहे, ‘चर्निंग’, म्हणजे घुसळण. खाते उघडा, बक्षीस घ्या, बंद करा, पुढच्याकडे वळा. बँकांनी याला लगाम घातला आहे. सहा महिन्यांच्या आत खाते बंद केले, तर दिलेले बक्षीस कापून घेतात आणि दोन वर्षांत पुन्हा देत नाहीत. ‘चेक्ससिस्टिम्स’ नावाची एक संस्था कोणी कुठे खाते मागितले आणि कोणाचे खाते थकबाकीत बंद झाले, याची नोंद पाच वर्षे ठेवते. बँका ती पाहून अर्ज नाकारतात. करातही फरक आहे. अमेरिकेत हे बक्षीस व्याजाचे उत्पन्न धरले जाते, बँक त्याचा फॉर्म सरकारला पाठवते आणि ते करविवरणपत्रात दाखवावे लागते. ब्रिटनमध्ये साध्या ग्राहकाला एकदाच मिळालेल्या बदलीच्या रकमेवर सहसा कर लागत नाही.

रेषा कुठे ओलांडली जाते, याचे एक उदाहरण अमेरिकेतच घडले. नवे खाते खरे आहे का हे तपासण्यासाठी काही वित्तसंस्था ग्राहकाच्या बँक खात्यात काही सेंट पाठवतात. कॅलिफोर्नियातल्या विशीतल्या एका तरुणाने २००७-०८ मध्ये संगणकाकडून ५८ हजार खाती उघडवून घेतली, तीही कार्टूनमधल्या पात्रांच्या नावांनी, आणि हे सेंट गोळा करत पन्नास हजार डॉलरच्या आसपास पैसे जमवले. त्याला पंधरा महिन्यांची कैद झाली. फसवणूक ठरली ती खोट्या नावांमुळे. स्वतःच्या नावावर, अटी पाळून, कितीही वेळा बँक बदलणारा माणूस गुन्हेगार नसतो.

आणि बक्षिसासाठी खाती उघडण्याचा सर्वांत मोठा घोटाळा ग्राहकांनी केलेला नाही. तो बँकेच्या आत झाला. वेल्स फार्गो बँकेत प्रत्येक ग्राहकाला आठ-आठ सेवा विकण्याचे लक्ष्य कर्मचाऱ्यांवर लादले होते. ते गाठण्यासाठी त्यांनी ग्राहकांना न विचारताच त्यांच्या नावे लाखो खाती उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला आणि २०२० मध्ये तीन अब्ज डॉलर भरून तिला सरकारशी तडजोड करावी लागली.

भारतात यातले काय आहे? रोख बक्षीस तर नाहीच. ठेवी मिळवण्यासाठी सोडत, बक्षीस, परदेशवारी असे काही द्यायला रिझर्व्ह बँकेने बँकांना मनाई केली आहे. सूट आहे ती फक्त २५० रुपयांपर्यंतच्या किरकोळ भेटवस्तूची. खाते उघडल्यावर मिळणारी डायरी, पेन, कॅलेंडर या चौकटीत बसतात. ठेवी आणून देणाऱ्याला कमिशन देण्यावरही बंदी आहे, पण तिला अपवाद आहेत, आणि त्यातला एक महाराष्ट्राच्या बाजारपेठांत रोज संध्याकाळी दिसतो. घरोघर आणि दुकानोदुकानी फिरून ठेव गोळा करणारा प्रतिनिधी, म्हणजे आपला पिग्मी एजंट. त्याला कमिशन मिळते, ठेवीदाराला नाही.

एकदा मात्र सरकारनेच रोख रक्कम वाटली. १४ एप्रिल २०१७ रोजी, आंबेडकर जयंतीच्या दिवशी, नागपुरात पंतप्रधानांच्या हस्ते भीम ॲपची रेफरल योजना सुरू झाली. नव्या माणसाला ॲपवर आणले की १० रुपये. व्यापाऱ्यांच्या कॅशबॅक योजनेसह यासाठी ४९५ कोटींची तरतूद होती. अमेरिकेत पेपॅलने सुरुवातीच्या काळात हेच केले होते. नव्या खातेदाराला १० डॉलर आणि मित्राला आणणाऱ्याला १० डॉलर. दोन्हीकडे हेतू एकच होता, वापरणारे पुरेसे झाले तरच पैसे पाठवण्याच्या यंत्रणेला अर्थ येतो.

बचत खात्याचा व्याजदर ठरवायचे स्वातंत्र्य भारतीय बँकांना ऑक्टोबर २०११ मध्ये मिळाले. तेव्हापासून काही बँका सहा-सात टक्के देत आल्या, तर २०२५ मध्ये स्टेट बँकेने आपला दर अडीच टक्क्यांवर आणला. एवढी तफावत असूनही माणसे हलत नाहीत, कारण हलणे अवघड आहे. मोबाइल क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर जानेवारी २०११ मध्ये आली. बँकेबाबत तशी सोय व्हावी, असे रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर एस. एस. मुंद्रा यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे सुचवले होते. कर्जाचा हप्ता, विमा, एसआयपी यांची संमतीपत्रे आजही एकेक करून नव्याने भरावी लागतात. सात कोटींच्या लोकसंख्येच्या देशाने जे साधले, ते युपीआय उभारणाऱ्या देशाला जमणार नाही असे मानायला काहीच कारण दिसत नाही.

सध्या भारतात ‘खाते उघडा, पैसे मिळवा’ असा निरोप आला, तर तो बँकेचा नसतो, हे महाविद्यालयीन मुलांच्या घरी स्पष्ट सांगायला हवे. दोन-पाच हजार रुपये हातावर ठेवून कोणी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड मागतो. मग त्या खात्यातून सायबर चोरीचे पैसे फिरतात. पोलिसांच्या भाषेत हे ‘म्यूल’ खाते, ओझे वाहणाऱ्या खेचराचे. नाव, आधार, पॅन सगळे मुलाचे असल्याने पोलीस पहिल्यांदा त्याच्याच दारात येतात. अशी खाती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२४ मध्ये ‘म्यूलहंटर’ या संगणकप्रणालीची घोषणा केली, यावरून या रोगाचा फैलाव लक्षात यावा.

बाकी आपला प्रश्न ब्रिटनच्या उलटा आहे. तिथे काही जण खाती फार हलवतात म्हणून बँका अटी घालतात, इथे खाती उघडून विसरली जातात. शिष्यवृत्तीसाठी एक, पहिल्या नोकरीत एक, गॅसच्या अनुदानासाठी एक, बदलीच्या गावी एक. दोन वर्षे व्यवहार झाला नाही की खाते निष्क्रिय होते. दहा वर्षे कोणी विचारले नाही की शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. मार्च २०२४ अखेर अशी रक्कम ७८ हजार २१३ कोटी रुपये होती. मालकी मात्र खातेदाराचीच राहते. ऑगस्ट २०२३ पासून ‘उद्गम’ या पोर्टलवर नाव आणि पॅन किंवा जन्मतारीख टाकून कोणालाही अशी खाती शोधता येतात, मग संबंधित शाखेत ओळखपत्र नेऊन पैसे मागायचे. वारलेल्या आजोबांच्या नावानेही शोध घेता येतो. आणि नको असलेले खाते बंद करायचे, तर पासबुक, उरलेले चेक आणि कार्ड घेऊन शाखेत जावे, त्याआधी त्यावर एखादी एसआयपी किंवा विम्याचा हप्ता लावलेला नाही ना, हे पाहावे. वर्ष उलटलेले बचत खाते बंद करायला बऱ्याच बँका पैसे घेत नाहीत.